कंपनीचं खासगीपण

अमेरिकेतल्या एटी अँड टी या बलाढ्य दूरसंचार कंपनीने २००४ साली सरकारला आपण होऊन कळवलं, की आमच्याकडून काही बिलं जादा लावली गेली असावीत. शाळांना आणि ग्रंथालयांना इंटरनेट नि दूरध्वनी स्वस्तात मिळावेत म्हणून तिथे एक अनुदान योजना होती; प्रश्न त्या योजनेतल्या पैशांचा होता. केंद्रीय दूरसंचार आयोगाने चौकशी केली, कंपनीने पाच लाख डॉलर भरले, दोष काही मान्य केला नाही, आणि फाईल कपाटात गेली. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या कॉम्पटेल नावाच्या संघटनेने माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली अर्ज टाकला: त्या फाईलमधले कागद आम्हाला बघायचे आहेत.

फाईलमध्ये बिलं होती, दरांविषयीचे ईमेल होते, संबंधित कर्मचाऱ्यांची नावं आणि हुद्दे होते. शिवाय या लोकांनी कंपनीच्या आचारसंहितेचा भंग केला का, याबद्दल कंपनीने स्वतःच काढलेला निष्कर्षही होता. आयोगाने या सगळ्याचे तीन गठ्ठे केले. ज्यातून धंद्याचं गुपित फुटेल ते कागद द्यायचे नाहीत. ज्यातून एखाद्या कर्मचाऱ्याची किंवा ग्राहकाची खासगी माहिती उघडी पडेल तेही नाहीत. उरलेले देऊन टाकायचे. कंपनीचं म्हणणं, अजून एक गठ्ठा करा: ज्यामुळे आमची, म्हणजे कंपनीची, शोभा होईल त्या कागदांचा. चौकशीचे कागद उघड केल्याने कोणाच्या व्यक्तिगत खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल तर ते रोखता येतात, असं कलम कायद्यात होतंच. आणि कायद्याच्या व्याख्येत ‘व्यक्ती’मध्ये माणूस, भागीदारी, संस्था, कंपनी असे सगळेच येत होते. कंपनी व्यक्ती, मग तिचं जे काही ते व्यक्तिगत!

फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाला २००९ साली हा युक्तिवाद पटला. सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी आठ विरुद्ध शून्य मतांनी तो फेटाळला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात व्याकरणाचा तासच घेतला: नामापासून विशेषण बनलं म्हणून ते नामाचा अर्थ जसाच्या तसा वाहून नेत नाही; रोजच्या बोलण्यात ‘व्यक्तिगत’ म्हटलं की हाडामांसाचा माणूसच डोळ्यांपुढे येतो, कंपनी येत नाही. आणि शेवटच्या वाक्यात त्यांनी अशी आशा व्यक्त केली, की कंपनी हा निकाल स्वतःला लावून घेणार नाही.

विनोद चांगला होता, पण निकाल एका कायद्यातल्या एका कलमापुरता होता. कंपनीला खासगीपणाचा हक्क असावा की नाही, हा मोठा प्रश्न त्याने सोडवला नाही. माझ्या मते त्याचं उत्तर रॉबर्ट्स यांच्या व्याकरणापेक्षा आयोगातल्या त्या कारकुनी वाटणीतच जास्त आहे. धंद्याचं गुपित ही एक गोष्ट, माणसाचं खासगीपण ही दुसरी. कंपनीकडे पहिली भरपूर असते. दुसरी तिच्या आत काम करणाऱ्या, तिच्याशी व्यवहार करणाऱ्या माणसांची असते. कंपनी फार तर ती सांभाळते.

कंपनी मुळात ‘व्यक्ती’ कशी झाली, हे कोडं आपल्याला तितकंसं परकं वाटू नये. आपल्याकडे देवाच्या नावावर जमीन असते, देव कोर्टात दावा लावतो, त्याच्या वतीने वहिवाटदार सही करतो. यावरून देवाला मधुमेह आहे की नाही हे गुप्त ठेवण्याचा हक्क आहे, असं कोणी म्हणत नाही. कायदेशीर व्यक्तित्व ही सोय आहे. मालमत्ता, करार आणि दावे यांना एक कायमचं नाव मिळावं, माणसं मेली-गेली तरी व्यवहार चालू राहावा, एवढाच तिचा हेतू. १८९६ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॅलोमन नावाच्या चांभारी मालाच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात ही सोय पक्की केली: धंदा एकट्या सॅलोमनचा असला तरी कंपनी वेगळी, सॅलोमन वेगळा, आणि कंपनीची देणी त्याच्या खिशातून वसूल करता येणार नाहीत. हा पडदा मालकांना फार मानवला. पण पडद्याआड उभं राहून पुन्हा ‘माझ्या खासगी आयुष्यात डोकावू नका’ म्हणणं म्हणजे एकाच सोयीचा दोनदा लाभ घेणं आहे.

खासगीपणाच्या हक्काचा उगम बहुतेक लेखक १८९० च्या एका लेखात शोधतात. बोस्टनचे दोन वकील, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस, यांनी तो हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकात लिहिला. तेव्हा वर्तमानपत्रं आणि झटपट छायाचित्रं काढणारे कॅमेरे लोकांच्या घरगुती आयुष्यात घुसू लागले होते. माणसाला एकटं राहू द्या, त्याच्या भावना आणि विचार चव्हाट्यावर आणू नका, हा त्या लेखाचा गाभा. पण हाच ब्रँडाइस १९१३ मध्ये बँका आणि मोठ्या कंपन्यांवर लिहू लागला तेव्हा त्याचं मागणं नेमकं उलट होतं: यांचे व्यवहार उजेडात आणा, ऊन हेच उत्तम जंतुनाशक. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एकीकडे लाजणारा, दुखावला जाणारा माणूस होता आणि दुसरीकडे दुसऱ्यांच्या पैशांवर चालणारी यंत्रणा.

अमेरिकी न्यायालयं मात्र इतकी सरळ चालली नाहीत. १९०६ मध्ये तंबाखू उद्योगातल्या मक्तेदारीच्या चौकशीत एका कंपनीच्या अधिकाऱ्याने कागद द्यायला नकार दिला. न्यायालयाने निवाडा दिला तो अर्धा असा, अर्धा तसा. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क माणसाचा आहे, कंपनीचा नाही, त्यामुळे कागद द्यावे लागतील. मात्र सरकारला वाटेल तसा, वाटेल तेवढा कागदांचा ढीग मागता येणार नाही. अवाजवी झडतीपासून संरक्षण कंपनीलाही आहे. १९५० मध्ये मॉर्टन सॉल्ट या मीठ कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं, की खासगीपणाच्या बाबतीत कंपन्या माणसांशी बरोबरी सांगू शकत नाहीत. त्या समाजाने दिलेल्या सवलतींवर उभ्या आहेत, तेव्हा समाजाने त्यांचा हिशेब मागणं ओघानेच आलं.

१९८६ चं डाऊ केमिकलचं प्रकरण तर चित्रपटात शोभावं असं. मिशिगन राज्यातल्या मिडलंड इथे दोन हजार एकरांवर पसरलेला कारखाना. पर्यावरण खात्याला आत येऊन पाहायचं होतं, कंपनी नाही म्हणाली. खात्याने न्यायालयातून परवाना आणण्याऐवजी नकाशांसाठी वापरतात तसला कॅमेरा लावलेलं विमान भाड्याने घेतलं आणि बारा हजार, तीन हजार आणि बाराशे फुटांवरून कारखान्याचे फोटो काढले. कंपनीचं म्हणणं होतं, की आमच्या कारखान्याचं आवार हे घराच्या अंगणासारखं आहे. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ते नाकारलं.

अटलांटिकच्या पलीकडे वारा वेगळ्या दिशेने वाहतो. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये रस्ते बांधणाऱ्या कंपन्यांचं संगनमत शोधण्यासाठी सरकारी निरीक्षकांनी एकाच वेळी ५६ कंपन्यांवर छापे घातले. न्यायालयाचा हुकूम कुठेच नव्हता. युद्धानंतरच्या एका जुन्या अध्यादेशाने निरीक्षकांना तशी मोकळीक दिली होती. त्यातल्या कोला-एस्त या कंपनीने स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, आणि २००२ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की युरोपीय करारात माणसाच्या घराला जे संरक्षण आहे ते काही परिस्थितींत कंपनीच्या कचेरीलाही लागू होतं. कंपनीची कचेरी म्हणजे घर! वाचताना भुवया उंचावतात. पण निकाल नीट वाचला तर न्यायालयाला खटकलेली गोष्ट कंपनीचं मन दुखावलं ही नव्हती. सरकारी माणूस कोणालाही न विचारता कुठेही घुसू शकतो, ही होती. म्हणजे हक्काचं नाव खासगीपण, आणि काम सरकारला वेसण घालण्याचं. तेवढ्यापुरता तो निकाल मला मान्य आहे.

इंग्लंडमधल्या डिक्सन्स प्रकरणाबद्दल तसं म्हणता येणार नाही. ही विजेच्या उपकरणांची दुकानं. तिथे जुना माल नवा म्हणून विकला जातो का, हे पाहायला बीबीसीच्या ग्राहक-कार्यक्रमाने लपवलेल्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केलं. हाती काही लागलं नाही, ते प्रसारितही झालं नाही. तरी कंपनीने प्रसारण आयोगाकडे खासगीपणाच्या भंगाची तक्रार केली, आणि २००० साली अपील न्यायालयाने अशी तक्रार कंपनीलाही करता येते असा निकाल दिला. ज्या दुकानात रस्त्यावरचा कोणीही आत येऊ शकतो, तिथल्या गल्ल्यावर खासगी ते काय होतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण ती खरोखर भक्कम आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेकडे तिच्या सभासदांची यादी मागितली. कारण वरवर साधं: बाहेरच्या राज्यातल्या संस्थेने इथे नोंदणी केलेली नाही. पण त्या काळच्या अलाबामात यादी सरकारच्या हाती जाणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरी जाईल, कर्ज मिळणार नाही, घरावर दगड येतील, त्याहूनही भयंकर काही होईल. संस्थेने यादी दिली नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला एक लाख डॉलर दंड झाला. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेच्या बाजूने कौल दिला. एनएएसीपी हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने नोंदणीकृत कॉर्पोरेशनच होती. मग संस्थेला खासगीपण आहे असं झालं का? न्यायालयाने दिलेलं कारण पाहा: हक्क सभासदांचा आहे, पण प्रत्येक सभासदाने स्वतः येऊन तो मागायचा तर नाव उघड होतंच, म्हणून त्यांच्या वतीने संस्था बोलू शकते. हक्क उसना आहे, आणि कोणाकडून उसना घेतला तेही दाखवता येतं. कोणत्याही कंपनीने ‘आमचं खासगीपण’ म्हटलं की मी हाच प्रश्न विचारतो: माहिती फुटली तर शेवटी दुखणार कोणाला? उत्तरात माणूस सापडला तर मुद्द्यात दम आहे. नुसता शेअरचा भाव सापडला तर त्याला दुसरं नाव द्यावं.

भारतात या प्रश्नाची वाट सोलापुरातून सुरू होते. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, गावात जिला जुनी गिरणी म्हणत, १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये अध्यादेश काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकाने त्याला आव्हान दिलं. तो हरला, पण डिसेंबर १९५० च्या त्या निकालात न्यायालयाने एक सूत्र घालून दिलं: जे मूलभूत हक्क त्यांच्या स्वरूपामुळे फक्त माणसालाच लागू पडतात ते सोडून बाकीचे कंपन्यांनाही मिळू शकतात. खासगीपण या वाटणीत कुठे बसतं हे तेव्हा कोणी विचारलं नाही, कारण तसा हक्क आहे असंच कोणी म्हणत नव्हतं.

विचारलं गेलं ते चार वर्षांनी, आणि गंमत म्हणजे एका कंपनीच्या निमित्ताने. दालमिया-जैन एअरवेज ही १९४६ मध्ये नोंदलेली कंपनी १९५२ मध्ये दिवाळखोरीच्या वाटेने बंद झाली. भागधारकांच्या पैशांची अफरातफर झाल्याच्या आरोपावरून तपास सुरू झाला आणि ३४ ठिकाणी एकाच वेळी झडत्या झाल्या. दप्तरांचे ढीग जप्त झाले. त्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांपुढे आला. एम. पी. शर्मा खटला म्हणून तो ओळखला जातो. मार्च १९५४ च्या निकालात न्यायालय म्हणालं, की अमेरिकेच्या घटनेत झडतीविरुद्ध जशी दुरुस्ती आहे तशी आपल्या घटनाकारांनी ठेवलेली नाही, तेव्हा खासगीपणाचा हक्क ओढूनताणून आणता येणार नाही.

हे एक वाक्य पुढे फार महागात पडलं. कंपनीच्या हिशेबवह्यांच्या वादात लिहिलेलं ते वाक्य २०१५ मध्ये केंद्र सरकारने आधारच्या खटल्यात बाहेर काढलं आणि सांगितलं, की या देशातल्या नागरिकाला खासगीपणाचा मूलभूत हक्क नाही; आठ न्यायाधीशांनीच तसं म्हटलंय. शेवटी नऊ न्यायाधीशांचं पीठ बसवावं लागलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात त्या पीठाने एकमुखाने हक्क मान्य केला आणि शर्मा निकालातला तो भाग रद्द केला. कंपनी आणि माणूस यांच्या खासगीपणाची गल्लत झाली की नुकसान कोणाचं होतं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. कंपनीच्या झडतीचा निकाल त्रेसष्ट वर्षं माणसांना भोवला.

पुट्टस्वामी निकालात मुख्य मत लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड पुढे सरन्यायाधीश झाले आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोख्यांचा निकाल त्यांनीच लिहिला. इथे आपला प्रश्न अगदी उघडपणे समोर आला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत कोणीही, कंपनीसुद्धा, स्टेट बँकेतून रोखे घेऊन पक्षाला देऊ शकत असे आणि नाव जनतेपासून गुप्त राही. त्याआधीच कंपनी कायद्यातली दोन बंधनं काढून टाकली होती: तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा, आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात दाखवण्याची सक्ती. सरकारचा बचाव खासगीपणाचाच होता. मतदान गुप्त असतं, तशी देणगी गुप्त का नको? विरोधी पक्षाला पैसे दिले म्हणून कोणाला त्रास होऊ नये.

घटनापीठाने हा बचाव सरसकट उडवून लावला नाही, हे मला विशेष वाटतं. राजकीय मत हा खासगीपणाचा भाग आहे आणि देणगीतून ते मत व्यक्त होऊ शकतं, हे निकालात मान्य केलं आहे. पण धोरण आपल्या बाजूला वळवण्यासाठी दिलेल्या पैशाला ते संरक्षण नाही. आणि कंपनीची देणगी ही मताची अभिव्यक्ती नसून परतफेडीच्या अपेक्षेने केलेला धंद्याचा व्यवहार आहे. न्यायमूर्ती संजीव खन्ना यांनी स्वतंत्र मतात लिहिलं, की जिचा कारभार भागधारकांना आणि व्यवहार करणाऱ्यांना खुला असायला हवा, त्या कंपनीने खासगीपणाचा भंग झाला म्हणणं अवघड आहे.

पुढचा महिना सगळ्यांना आठवत असेल. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत, मुदत मागितली. न्यायालयाने ११ मार्चला ती नाकारली, आणि १४ मार्चला निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर यादी झळकली. सर्वांत वर फ्यूचर गेमिंग ही लॉटरीची कंपनी, १,३६८ कोटी रुपये. दुसरी मेघा इंजिनीअरिंग, ९६६ कोटी. त्याच यादीत काही माणसांचीही नावं होती, कंपन्यांच्या खांद्याला खांदा लावून. निकालात माणूस आणि कंपनी यांत जो फरक केला होता तो यादीत मात्र कुठेच राहिला नाही. ज्या कोणी खरोखर स्वतःच्या विश्वासापोटी पक्षाला पैसे दिले असतील, त्यांना वाटलं असेल की आपलं मत चव्हाट्यावर आलं, आणि त्यांचं वाटणं चूक म्हणता येणार नाही.

आपल्या माहिती अधिकार कायद्याने मात्र २००५ मध्येच दोन वेगळे कप्पे केले होते. व्यापारी गुपितं एका पोटकलमात, माणसाची व्यक्तिगत माहिती दुसऱ्यात. रिझर्व्ह बँक अनेक वर्षं बँकांचे तपासणी अहवाल देत नव्हती. आम्ही बँकांशी विश्वासाच्या नात्याने बांधलेलो आहोत, असं तिचं म्हणणं. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रिझर्व्ह बँकेची बांधिलकी जनतेशी आहे, बँकांशी नाही. या सगळ्या वादात बँकांचा आवडता शब्द ‘ग्राहकांचं खासगीपण’ हा असतो. ठेवीदाराच्या खात्याचा तपशील खरोखर खासगी आहे. पण बँकेने कोणत्या बड्या उद्योगाला तारण न पाहता कर्ज दिलं, हे त्या ठेवीदाराचं खासगीपण कसं होतं?

उसन्या हक्काची ही युक्ती सर्वांत सफाईने चालली ती लक्झेंबर्गमध्ये. २०१६ च्या पनामा पेपर्सनंतर युरोपीय संघाने ठरवलं, की कंपनीमागचा खरा मालक कोण याची नोंदवही कोणालाही पाहता आली पाहिजे. तिच्याविरुद्ध दोन अर्ज आले, एक माणसाचा, एक कंपनीचा. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने सर्वांसाठी खुली नोंदवही बेकायदा ठरवली. आधार कंपनीच्या हक्कांचा घेतलाच नाही. तिच्यामागच्या माणसांच्या खासगी आयुष्याचा घेतला. माझा तो प्रश्न, दुखणार कोणाला, इथे विचारला तर उत्तरात माणूस सापडतो: ज्याचं नाव आणि मालकीचा वाटा जगासमोर येतो तो. त्यामुळे निकाल चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही, आणि त्याचा फायदा कोणाला झाला तेही डोळ्यांआड करता येत नाही. काही दिवसांतच लक्झेंबर्ग, नेदरलंड्स आणि आणखी काही देशांनी नोंदवह्यांची दारं लावून घेतली. २०२४ च्या नव्या कायद्याने ती पत्रकार आणि नागरी संस्था यांच्यासाठी पुन्हा किलकिली केली आहेत. आता नोंद पाहायची तर आधी अर्ज करून आपला तिच्याशी संबंध काय ते दाखवावं लागतं.